नव्वदच्या अलीकडे, पलीकडे

आमच्या बाबांचा गुडघा बदलला तेव्हा डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन सोपं असतं, खरं काम नंतर. मला वाटलं, सगळ्यांनाच सांगत असतील. पण डॉक्टरांना तरी काय ठाऊक, की गुडघा भूमितीच्या मास्तरांचा आहे.

बाबांनी चौतीस वर्षं शाळेत भूमिती शिकवली. मुलं त्यांना 'काटकोन' म्हणायची, कारण ते वर्गात शिरताना वळत नसत, एकदम फिरत. हे नाव त्यांना माहीत होतं आणि त्यांची त्याला हरकतही नव्हती. 'प्रविशाल' म्हटलं असतं तर वाईट वाटलं असतं म्हणाले. प्रविशाल कोन एकशे ऐंशीच्या पुढचा, आणि त्यांच्या मते शिस्त नसलेला.

मी फ्रेमा करते. फोटो, प्रमाणपत्रं, मेलेल्या माणसांची मोठी केलेली चित्रं, काय येईल ते. दिवसभर पंचेचाळीस अंशात लाकूड कापायचं, चार तुकडे जोडायचे, चार काटकोन तयार. बाबा एकदा दुकानात आले होते. माझ्या करवतीच्या तबकडीकडे बघून म्हणाले, "सरळ आडव्या कापाला शून्य लिहिलंय. तो काटकोन आहे. नव्वद पाहिजे." मी म्हटलं, "बाबा, करवत सरळ उभी असते तिथून मोजायला सुरुवात होते, म्हणून शून्य." ते म्हणाले, "चूक आहे." करवत बनवणाऱ्याला पत्र लिही असंही म्हणाले. मी नाही लिहिलं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. मलाही आधीच आठवायला हवी होती.

आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. चोपन्न पायऱ्या, आणि वळणं अशी अरुंद की आमचं कपाट आणलं तेव्हा दुसऱ्या मजल्यावर दोन दिवस अडकून राहिलं होतं. बाबांचा उजवा गुडघाही कामातून गेलेला, त्याचा नंबर पुढच्या वर्षी. त्यावर भार टाकून वाकायचं नाही. म्हणजे जिना उतरायचं सगळं काम डाव्या, नव्या गुडघ्याने करायचं. फिजिओबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "सर, एकशे दहा अंश झाले की मी स्वतः हात धरून तुम्हाला खाली नेईन. त्याआधी जिन्याकडे बघायचंसुद्धा नाही."

बाबांनी ते वहीत लिहून घेतलं. ११०. खाली दोन रेघा.

घाई होती ती आत्यामुळे. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, वय एक्याऐंशी. दोन गल्ल्या सोडून तळमजल्यावर एकटी राहते. तिचं हृदय असं की डॉक्टरांनी तिला एक मजलासुद्धा चढायला मनाई केलीय. तिची मुलगी तिला कायमची आपल्याकडे न्यायला येणार होती, विमानाने जावं लागतं इतक्या लांब. तारीख ठरली होती, गुरुवार, सकाळी अकरा. एक्याऐंशीव्या वर्षी इतकं लांब गेलेलं माणूस परत भेटायला येत नाही. हे आमच्या घरात कोणी बोललं नाही आणि सगळ्यांना माहीत होतं.

फोन करा म्हणाल. आत्याला उजव्या कानाने काहीच ऐकू येत नाही आणि डाव्याने फक्त कानाशी तोंड नेऊन बोललेलं ऐकू येतं. फोनवर ती "हो, हो, जेवले" एवढंच म्हणते, विचारा काहीही.

तर ऑपरेशननंतर आत्या रोज संध्याकाळी पाच वाजता काठी टेकत यायची आणि आमच्या इमारतीसमोरच्या बाकावर बसायची. बाबा वर गॅलरीत गजांमागे खुर्ची टाकून बसायचे. ती हात हलवायची, ते हात हलवायचे. अर्धा तास बसून ती निघून जायची. बाबा दर वेळी आत येऊन म्हणायचे, "ताईला सांगायचं राहतंय."

"काय सांगायचंय?"

"आहे एक."

"चिठ्ठी लिहा, मी देते नेऊन."

"लिहायचं नाही ते."

पण एक चिठ्ठी त्यांनी लिहिली. एका संध्याकाळी त्यांनी कोनमापकाला दोरा बांधला, दोऱ्याला माझ्या पेटीतला एक नट, आणि गॅलरीतून आत्यावर नेम धरला. तो कोनमापक पितळी आहे, जुना, कोपऱ्यात कोणीतरी खिळ्याने एक अक्षर कोरलेलं. बाबांच्या नावाचं नाही, आत्याच्या. मी लहानपणापासून बघतेय, कधी विचारलं नाही.

"अवनत कोन तीस अंश," ते म्हणाले.

मी इस्त्री करत होते. म्हटलं, "बरं."

"बरं काय? अवनत कोन म्हणजे काय, सांग."

"खाली बघायचा कोन."

"कुठून मोजायचा?"

मी भिंतीकडे बोट दाखवलं, उभं, वरून खाली. बाबांचा चेहरा असा झाला की जणू मी इस्त्रीने त्यांचा सदरा जाळलाय.

"सगळे हीच चूक करतात. भिंतीपासून नाही. आपण समोर सरळ बघतो ना, आडवं, ती रेषा धरायची. तिथून नजर किती खाली झुकली तो अवनत कोन. भिंतीपासून मोजलास तर साठ येतील आणि सगळं गणित फुकट. चौतीस वर्षं मी या चुकीला शून्य दिलंय. अर्धा गुणसुद्धा नाही. रेषा कुठली धरायची हेच कळत नसेल तर आकडा घेऊन काय करायचंय?"

मग त्यांनी हिशेब सांगितला. त्यांच्या डोळ्यांपासून आत्याच्या डोळ्यांपर्यंत उंचीचा फरक दहा मीटर, कोन तीस, म्हणजे नजरेच्या रेषेवर अंतर बरोबर दुप्पट, वीस मीटर. आणि त्यांची आडवी रेषा आणि आत्याची आडवी रेषा समांतर, म्हणून ते जितक्या अंशांनी खाली बघतात तितक्याच अंशांनी तिने वर बघायचं. चिठ्ठीत एवढंच होतं: 'ताई, मान तीस अंश वर कर. मी दिसेन.' मी नेऊन दिली. आत्याने वाचली, घडी करून पर्समध्ये ठेवली. दुसऱ्या दिवसापासून ती मान नीट वर करून बसायला लागली आणि बाबा इतके खूश झाले की दोन दिवस व्यायाम न सांगता केला.

मग फिजिओबाई पंधरा दिवस कसल्याशा प्रशिक्षणाला बाहेरगावी गेल्या. जाताना त्यांनी मोजलं, आपल्या फाइलीत लिहिलं, व्यायाम समजावले आणि म्हणाल्या, "रोज करा, मोजा, आणि शेवटी मला फोनवर आकडा सांगा. तुम्ही तर गणिताचे सर, तुम्हाला काय शिकवायचं."

हेच चुकलं. शिकवायला हवं होतं.

मी सकाळी दुकानात जायची ती पाचच्या सुमारास परत. बाबा दुपारी व्यायाम करायचे, मग पितळी कोनमापक गुडघ्याला लावून मोजायचे आणि वहीत लिहायचे. त्यांचा तक्ता मी बघितला होता, सुरेख होता. एकशे पंचवीस, एकशे बावीस, एकशे अठरा. आकडा उतरत होता हे मला दिसलं होतं. उतरतोय तर उतरू दे, मला वाटलं, एकशे दहाच्या जवळ येतोय ना. एका बारक्याशा गोष्टीत लक्ष घातलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. पण मला घरी येऊन फक्त पाय वर करून बसायचं होतं. याची मला अजून लाज वाटते.

सोमवारी बाबांनी फिजिओबाईंना फोन केला. मी समोरच होते.

"एकशे दहा," ते म्हणाले. "विशालकोन."

पलीकडून बाईंचा आवाज मला ऐकू आला. "काय सांगता सर. विशालच म्हणायचा. उत्तम. फारच छान. आता थोडी विश्रांती द्या गुडघ्याला, बुधवारी मी येते, आपण जिना बघू."

बाबांनी फोन ठेवला आणि वहीतल्या आकड्याभोवती गोल काढला. मंगळवारी व्यायाम नाही. बुधवारपर्यंत थांबणं मात्र त्यांच्याने होईना. मंगळवारी संध्याकाळी मी आले तर बूट घालून दारात उभे. गुरुवारला अजून नऊ दिवस होते, पण म्हणाले, "ताई बाकावर आहे. आत्ताच जाऊ."

मी हात धरला. त्यांनी कठडा धरला, उजवा पाय खालच्या पायरीकडे सोडला. आता डाव्याने वाकायचं. डावा वाकला, थोडा, आणि थांबला. अडकलेल्या ड्रॉवरसारखा. बाबांनी जोर लावला, चेहरा पांढराफटक झाला, आणि मी त्यांना मागे ओढलं. आम्ही दोघंही उंबऱ्यात बसलो.

"एकशे दहा आहेत," ते म्हणाले. "मी तीनदा मोजलंय."

खालून काही आवाज आला नाही. आत्याला यातलं काही ऐकू जाणार नव्हतंच.

बुधवारी फिजिओबाई आल्या. त्यांच्याकडे प्लास्टिकच्या दोन लांब पट्ट्यांचं एक मोजायचं साधन असतं. एक पट्टी मांडीवर, एक नडगीवर. मोजलं. पुन्हा मोजलं. मग बाबांकडे न बघता म्हणाल्या, "सत्तर."

"एकशे दहा," बाबा म्हणाले आणि पितळी कोनमापक लावला. एकशे दहाच होते.

"सर, सत्तर."

"बाई, तुम्ही कोनमापक उलट्या बाजूने वाचताय. आठवीतली मुलं करतात ही चूक."

बाईंचे कान लाल झाले. "मी अकरा वर्षं गुडघे मोजतेय."

"मी चौतीस वर्षं कोन."

दोघंही माझ्याकडे बघायला लागले. मी फ्रेमावाली, मला कोण विचारतं, पण मी त्या गुडघ्याकडे बघत होते आणि माझ्या डोळ्यांसमोर करवतीची तबकडी आली. सरळ उभ्या करवतीला शून्य.

"बाई," मी विचारलं, "पाय पूर्ण सरळ असला की तुम्ही किती म्हणता?"

"शून्य. वाकलाच नाही ना."

"बाबा, तुम्ही?"

"एकशे ऐंशी. सरळ कोन. यात विचारायचं काय?"

बाई सरळपासून किती वाकला ते मोजत होत्या. बाबा मांडी आणि नडगी यांच्यामध्ये उरलेला कोन मोजत होते. बाईंचा आकडा वाढायला हवा होता, बाबांचा कमी व्हायला. फक्त नव्वदला दोघांची भेट झाली असती. बाईंच्या एकशे दहाला बाबांचे सत्तर, लघुकोन. बाबा विशालकोनावर थांबले, नव्वदच्या अलीकडेच, आणि त्याचा सत्कार करून घेतला.

"सत्तर आणि एकशे दहा," बाबा हळू म्हणाले. "एकशे ऐंशी. पूरक कोन." त्यांनी वही उघडली, दोन आठवड्यांच्या त्या सुरेख तक्त्याकडे बराच वेळ बघितलं. मग खिशातून लाल पेन काढलं, पानावर आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं: ०.

"सर, अहो असं काय करता," फिजिओबाई म्हणाल्या. त्यांचा राग कुठल्या कुठे गेला होता. "मीही फोनवर विचारायला हवं होतं."

"रेषा कुठली धरायची तेच मी बघितलं नाही," बाबा म्हणाले. "अर्धा गुणसुद्धा नाही."

आठ दिवस राहिले होते. बाई रोज दोनदा आल्या. बाबांनी एकदाही कण्हल्याचा आवाज काढला नाही, फक्त प्रमेयं म्हणायचे, दात आवळून. व्यायाम आता आतल्या खोलीत पलंगावर, आणि बाईंची दुसरी खेप नेमकी संध्याकाळची, त्यामुळे पाच वाजता बाबा गॅलरीत नसायचे. त्यांना त्याचीच जास्त रुखरुख. "ताई बसली असेल. तिला वाटेल मी आलो नाही." मी बघून यायची. आत्या खाली बसलेली, मान वर, आणि हात हलवत. मला वाटलं, मला हलवतेय. मीही हलवायची.

पंच्याहत्तर. ऐंशी. सत्याऐंशी. बुधवारी संध्याकाळी ब्याण्णव. दोघांच्या साधनांनी मोजून झालं होतं. बाई म्हणाल्या, "सर, आठ दिवसांत बावीस अंश, मी असं बघितलेलं नाही. पण या जिन्याला एवढं पुरणार नाही. मी तुम्हाला उतरू देणार नाही."

तळमजल्यावरचा प्लंबर आणि दुसऱ्या मजल्यावरचा ड्रायव्हर वर आले. म्हणाले, "सर, खुर्चीत बसा, आम्ही दोघं उचलतो."

"मी कपाट नाही," बाबा म्हणाले.

ते गेले. बाबा जेवले नाहीत. ताट सारून बसले आणि मला म्हणाले, "मला ताईला भेटायचंय." एवढंच. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते त्यांनी लपवलं नाही. मी ताटं उचलली.

गुरुवारी सकाळी उठून बघते तर बाबा दारात बसक्या स्टुलावर, समोरचा जिना न्याहाळत.

"वाकायची गरजच काय?" ते म्हणाले. "पाय पुढे सरळ ठेवायचा. एकशे ऐंशी. तुझ्या बाईंच्या भाषेत शून्य. हात टेकायचे आणि बसल्या बसल्या एकेक पायरी खाली."

"घसरत?"

"बसत."

फिजिओबाईंना फोन केला. त्या अर्ध्या तासात आल्या, कपाळाला हात लावला, आणि मग म्हणाल्या की गुडघ्याचं म्हणाल तर याने काही बिघडत नाही. मी गालिच्याचा एक तुकडा त्यांच्याखाली दिला. बाबांनी धुतलेला पांढरा सदरा घातला होता, खिशात पितळी कोनमापक. चौतीस वर्षं खडूचा डागसुद्धा पडू न दिलेला माणूस, दहा वाजून पाच मिनिटांनी आमच्या जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसला.

चोपन्न पायऱ्या. बाई पुढे, नव्या पायाला हात लावून, मी मागे. प्रत्येक मजल्यावर दारं उघडली. दुसऱ्या मजल्यावर ड्रायव्हरची बायको उभी होती, ती शाळेत बाबांची विद्यार्थिनी होती. तिने बघितलं आणि सवयीने म्हणाली, "नमस्ते सर." बाबा म्हणाले, "नमस्ते," आणि पुढच्या पायरीवर बसले. कोणी हसलं नाही. हसलं असतं तर मी काहीतरी फेकून मारलं असतं.

खाली पोचायला पस्तीस मिनिटं लागली. शेवटच्या पायरीवरून उठता येईना, तिथे प्लंबरने काखेत हात घालून उचललं. मी आणि बाईंनी धरून बाकापर्यंत नेलं. जाण्याआधी आत्या बाकावर येऊन बसलेली होती, पायाशी एक बॅग. तिची मुलगी टॅक्सी आणायला कोपऱ्यावर गेली होती.

बाबा तिच्या शेजारी बसले. आत्याने त्यांच्याकडे बघितलं, सदऱ्याची धूळ बघितली, आणि म्हणाली, "ठोंब्या. आलास?"

बाबांनी वाकून तिच्या कानाशी तोंड नेलं आणि बोलायला लागले. बरंच बोलले. मला मधूनमधून ऐकू येत होतं, कंपासपेटी, सातवीचं वर्ष, आईचं आजारपण. संपलं तेव्हा त्यांनी खिशातून कोनमापक काढून तिच्या मांडीवर ठेवला.

आत्याने त्याच्याकडे बघितलं. "झालं का बोलून?" ती म्हणाली. "तो कान बंद आहे माझा."

बाबा उजव्या बाजूला बसले होते. रोज वरून बघत होते, बाकाची डावी-उजवी उलटी दिसते याचा विचार करायचा राहिला.

त्यांना उठवून पलीकडे बसवायला वेळ नव्हता, टॅक्सी वळताना दिसत होती. आत्याच उठली, काठी टेकत त्यांच्यासमोरून गेली आणि दुसऱ्या बाजूला बसली, डावा कान त्यांच्याकडे करून. दुसऱ्या खेपेला बाबांनी एकच वाक्य म्हटलं.

"ताई, तू शाळा सोडलीस म्हणून मी मास्तर झालो."

"ते मला माहीत आहे," आत्या म्हणाली. "मीच सोडली होती ना."

तिने कोनमापक उचलला, कोपऱ्यातल्या आपल्या अक्षरावरून बोट फिरवलं आणि परत त्यांच्या खिशात घातला. "मला काय करायचाय? तुझा गुडघा मोज. एवढं सांगायला जिन्यावरून घसरत आलास?"

"हो."

"बरं केलंस," ती म्हणाली, आणि त्यांचा हात धरून बसली.

मी म्हटलं, "आत्या, हे आठ दिवस बाबा गॅलरीत नव्हते गं. आत व्यायाम चालला होता." हे तिच्या डाव्या कानात ओरडून सांगावं लागलं.

"हो का?" आत्या म्हणाली. "मला तिथवर कुठे दिसतंय? काहीतरी पांढरं असतं, एवढं कळतं. याने लिहिलं तीस अंश, तर मी तीस अंश मान वर करायची आणि हात हलवायची. मास्तर सांगतात ते ऐकावं माणसाने."

टॅक्सी आली. मुलीने बॅग ठेवली, आत्या बसली, आणि खिडकीतून हात हलवला. या वेळी नीट आमच्याकडे बघून. गाडी वळून गेली.

बाबा बाकावरच बसून राहिले. प्लंबर येऊन उभा राहिला. चोपन्न पायऱ्या वर कसं जायचं याचा विचार कोणीच केला नव्हता.

"कपाट समजा," बाबा त्याला म्हणाले. मग त्यांनी मान वर केली, अंदाजाने तीस अंश, आणि आमच्या गॅलरीकडे बघितलं. गजांवर माझा पांढरा टॉवेल वाळत होता, रोज असतो तिथेच. त्यांनी चष्मा काढला, पुन्हा बघितलं.

"खरंच मीच वाटतो," ते म्हणाले, आणि टॉवेलला हात हलवला.